फाईल उडत नाही

जगात काहीच कायमचं पुसलं जात नाही, असं आमच्या ऑफिसातले सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ सांगत. न्हावा शेव्याला जाणाऱ्या मालाचे कागद आम्ही पनवेलच्या बाजारात बसून तयार करत असू. हे गृहस्थ काचेच्या खोलीत, ऑफिसातल्या एकुलत्या एका एसीखाली बसून, कोण कुठली फाईल बदलतो नि कोण पुसतो यावर लक्ष ठेवत.

कोणी "फाईल उडाली" म्हटलं की त्यांचा चष्मा कपाळावर जाई. "चिमणी उडते. फाईल कोणीतरी उडवतं. कर्ता सांगा, कर्ता!" शाळेतल्या मास्तरांनंतर कर्त्याचा एवढा आग्रह मी कुठे पाहिला नाही.

एकदा एका कंटेनरची फाईल गेली आणि माल बंदरात अडकला. मालकांनी उरणच्या टायपिस्ट मुलीला समोर उभं केलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

"शेठ, मी नाय उडवली," ती रडवेली होऊन म्हणाली.

"थांबा, सर्व्हर नाव सांगेल," म्हणत हे गृहस्थ आपल्या काचेच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो. पुसलेली फाईल स्क्रीनवर सापडली, शेजारी पुसणाऱ्याचं नावही होतं. ते त्यांचंच होतं. त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं, फाईल परत आणली आणि बाहेर आले.

"पोरीचा काही दोष नाही. फाईल मिळाली."

"पण उडवली कोणी?" मालकांनी विचारलं.

चष्मा नाकावरच होता.

"उडाली," ते म्हणाले.