दुसऱ्यांच्या मुलांचा क्लब

आमच्या घरात दर गुरुवारी संध्याकाळी जगाचं कल्याण व्हायचं. माडीवरच्या खोलीत, ह्यांच्या वकिलीच्या लांबलचक टेबलाभोवती, सांगलीतले पंधरा-वीस प्रतिष्ठित पुरुष जमायचे. कोटाला त्यांच्या समाजसेवेच्या क्लबाची पितळी पिन लावलेली. हे क्लबाचे चिटणीस. अध्यक्ष एक निवृत्त मामलेदार, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. रावसाहेबांपुढे एक पितळी घंटा असे. ती वाजली की सभा सुरू, वाजली की सगळे गप्प, वाजली की चहा. सुरुवातीला सगळे उभे राहून कप उंच करत आणि विलायतेतल्या राजाला उदंड आयुष्य चिंतत. कप रिकामे असत, कारण मी खाली अजून चहा गाळत असे. रस्त्यावर 'चले जाव'च्या घोषणा चाललेल्या आणि माझ्या माडीवर हा थाट!

बरं, सेवा करायला ह्यांना वार मिळाला तोही गुरुवार. निम्मे सभासद दत्ताचा गुरुवार करणारे. म्हणजे निम्म्यांना बटाट्याची भजी आणि निम्म्यांना वऱ्याचे तांदूळ नि दाण्याची आमटी. लढाईचे दिवस, साखर रेशनवर. क्लबाला गुळाचा चहा देणं शोभायचं नाही म्हणे, म्हणून आठवडाभर घरातली साखर गुरुवारसाठी राखून ठेवायची. माझ्या लेकीच्या दुधात गूळ पडायचा आणि वर तिच्या वाटणीची साखर घशाखाली घालून मंडळी 'बालसंगोपन' या विषयावर बोलायची. माझा जळफळाट व्हायचा. मी कोरेगावची, जीभ तिखट, असं सासूबाई सगळ्या गावाला सांगत. खोटं कशाला बोलू, होतीच तिखट.

आता लेकीचं सांगते. ती तेव्हा चौथ्या वर्षात होती आणि एक शब्द बोलत नव्हती. घशातून घों घों आवाज काढायची, हसायची खदाखदा, पण शब्द म्हणून नाही. सासूबाईंनी मधात वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायला सांगितलं. मी रोज लावत होते. शेजारच्या पोपटाने चोच मारलेला पेरू खायला घातला. पोपट जास्तच बोलायला लागला, पोर होती तशीच. एकदा माझ्या हातून पितळेचं पातेलं फरशीवर आपटलं. सासूबाई जपमाळ टाकून उठल्या, मांजर भिंतीवर चढलं. लेक माझ्याकडे पाठ करून गहू चिवडत बसली होती, ती तशीच गहू चिवडत राहिली. तेव्हाच मला कळलं.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तिचं लक्ष नसतं." मी हट्टच धरला तेव्हा क्लबातल्याच एका डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी तिच्या कानामागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला. त्यांची भलीमोठी सावली समोरच्या भिंतीवर पडली, ती बघून पोरीनं मान वळवली. झालं! "ऐकू व्यवस्थित येतं. मुलगी हट्टी आहे, आईवर गेली असेल," असं म्हणून डॉक्टर हसले, हेही हसले. दोघांच्याही डोक्यात तो जुडगा घालावा असं मला वाटलं.

त्या दिवसापासून ह्यांनी तिला लपवायला सुरुवात केली. तोंडाने कधी कबूल केलं नाही. गुरुवारी चार वाजले की म्हणायचे, "माजघराचं दार लोटून घे, वर तिचा आवाज येतो." सभा संपेपर्यंत पोर माजघरात. वर बाप मुलांविषयी भाषण करतोय आणि खाली त्याची मुलगी कोंडलेली! मी भजी तळता तळता कढईशी भांडायची. दुसरं कोण होतं ऐकायला?

अशात क्लबाने ठरवलं की हळदीच्या पेठेत बालमंदिर काढायचं. तिथे बायका दिवसभर हळद निवडायला बसत आणि त्यांची लहान पोरं पोत्यांमध्ये पिवळी होऊन लोळत. जागा एका हळदीच्या व्यापाऱ्याने दिली. हा गृहस्थ तासगावकडचा, क्लबात एकटाच असा की ज्याला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा, "वैनी, भजी लय झ्याक झाल्यात. आवं, वर भाषान चाललंय, तवर आनी चार द्या." मला तो आवडायचा.

बालमंदिरासाठी साताऱ्याच्या एक बाई आणल्या. लहान मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, बोलायला फटकळ. दर आठवड्याला मुलांची हकीकत चिटणिसांना सांगायला त्या आमच्याकडे येत. पहिल्याच खेपेला त्यांनी माझ्या लेकीला पाहिलं. तिच्यासमोर बसल्या, तोंडाकडे बोट दाखवून सावकाश काहीतरी बोलल्या. मग मागे जाऊन टाळी वाजवली, हाक मारली. उठून मला म्हणाल्या, "हिला ऐकू येत नाही. पण हुशार आहे हो, सारखी माझ्या ओठांकडे बघत होती. माझ्याकडे पाठवा. अशी मुलं शिकतात, ओठ वाचतात, थोडं बोलतातसुद्धा. मात्र आत्ताच. मोठी झाली की फार जड जातं."

मी त्या बाईच्या पाया पडायचीच राहिले. वाटलं, सुटले! संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे पागोटं काढून ठेवत होते. शांतपणे म्हणाले, "ते जमायचं नाही. सभासदांच्या मुलांना बालमंदिरात प्रवेश नाही, असा नियम आहे."

"कुणी केला नियम?"

"मी."

वर मला समजावलं. सेवा म्हणजे दुसऱ्यासाठी करायची असते. आपलीच पोरं भरली तर लोक स्वार्थी म्हणतील. ठरावाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे. वाजवणारच! त्यांच्यातल्या कुणाला आपलं पोर हळद निवडणाऱ्या बायकांच्या पोरांशेजारी बसवायचं होतं? त्यांना तत्त्व मिळालं आणि ह्यांना दार लोटून घ्यायला आणखी एक कडी मिळाली. मी रडले, भांडले, अबोला धरला. अबोल्याचा काडीचा उपयोग झाला नाही, ह्यांना शांतता आवडायची.

मग एक गुरुवार आला, त्या दिवशी ह्यांचंच भाषण होतं. विषय, 'बालकाची पहिली पाच वर्षे'. मी खाली भजी तळत होते आणि वरून ह्यांचा कोर्टातला आवाज जिन्यावरून उतरत होता. "सभ्य गृहस्थहो, ही पाच वर्षे एकदा गेली की पुन्हा येत नाहीत!" टाळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कढई उतरवली, माजघराचं दार उघडलं, लेकीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात भज्यांचं ताट धरलं आणि जिना चढले. बायकांनी वर जायची पद्धत नव्हती. ताट नेहमी गडी नेई. मी आत पाऊल टाकलं तशी सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. ह्यांचं तर भाषणाच्या मध्यातच राहिलं.

मी ताट टेबलावर ठेवलं. लेकीला रावसाहेबांच्या खुर्चीजवळ खाली उभं केलं, तिच्या हातात भजं दिलं. म्हटलं, "पहिली पाच वर्षं म्हणालात ना? आपल्या मुलीची चार सरत आली. उरलेल्या एकाचं काय करायचं, तेवढं या सभ्य गृहस्थांना विचारून सांगा."

"वहिनी, सभेचे काही नियम आहेत!" रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी घंटा वाजवायला घेतली. मी हटत नाही असं बघून आणखी जोरात वाजवली. लेक त्यांच्याकडे पाठ करून उभी होती, घंटा तिच्या कानापासून हातभर अंतरावर. सगळी खोली दणाणली. आणि माझी पोर निवांत भजं खात होती. भज्यात मिरची लागली तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं, एवढंच.

रावसाहेबांचा हात हळूहळू थांबला. डॉक्टर आपल्या रिकाम्या कपात बघत बसले.

"आयला," हळदवाले म्हणाले. "ह्या पोरीला ऐकूच येत न्हाई. आवं वकीलसाहेब, आन् तुमी आमाला कवा बोलला न्हाई ते?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांची कीव आली. पण मी जागची हलले नाही.

हळदवाले उभे राहिले. "रावसाहेब, त्यो नियम बदला. आत्ताच्या आत्ता. हात वर करा रं समदी." हात वर व्हायलाही लागले. इतक्यात हे म्हणाले, "नाही. नियम मी मांडलाय. माझ्या मुलीसाठी तो बदलायचा नाही."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, संपलं सगळं, हा माणूस दगड आहे. पण ह्यांनी कोटाची पिन काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सभासदाचं मूल चालत नाही ना? मग मी सभासद नाही." एवढं बोलून लेकीला उचललं आणि जिना उतरून गेले. अहो, मुलीसाठी वाकला तोही माणूस नियमाच्या चौकटीतूनच वाकला! मागे मी, पंधरा-वीस पुरुष आणि गार झालेली भजी. ती भजी मात्र मंडळींनी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा कोट, पागोटं घालून हे कोर्टात निघाले, ते लेकीचं बोट धरून. भर पेठेतून. जन्मात पहिल्यांदा. मी लांबून मागे गेले. वाटेत एक पक्षकार भेटला, त्यानं विचारलं, "काय वकीलसाहेब, कुणीकडं?" हे थांबले आणि चांगलं खणखणीत म्हणाले, "ही माझी मुलगी. हिला ऐकू येत नाही. शाळेत घालायला चाललोय." मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

क्लब दुसरीकडे बसू लागला. ह्यांना गुरुवारची संध्याकाळ खायला उठायची. बाईंनी सांगितलं होतं की घरी कुणीतरी रोज मुलीसमोर बसायचं. तोंडावर उजेड हवा, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि एकेक शब्द सावकाश बोलायचा. मला चुलीपुढून उठायला सवड नसे. माझं तोंड सदा धुराकडे. म्हणून हे बसू लागले, त्याच माडीवर, खिडकीपाशी. तासन्‌तास भाषणं ठोकणारा माणूस, पण आता एका शब्दापुढे जायचा नाही. तिला त्यांच्या मिशा हलताना बघून हसू यायचं आणि हे रागावायचे नाहीत.

बरेच महिने गेले. एके संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर वरून एक घोगरा, जाडाभरडा आवाज आला. "बा-बा." मी पिठाच्या हातांनी जिना चढले. हिचा हात ह्यांच्या गळ्यावर, आणि ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पण रडले. पण रागही आला हो! वेखंड उगाळलं मी, क्लबात तमाशा केला मी, आणि मेलीनं पहिला शब्द काढला तो 'बाबा'!

बालमंदिरात जाऊन बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यात तिचा काय दोष? 'बाबा' म्हणताना ओठ मिटतात, ते तिला दिसतं. 'आई' ओठांवर दिसतच नाही." मी म्हटलं, मग माझं काय? मी काय जन्मभर बिननावाची राहू? बाई हसल्या. हळदवाले तिथेच पोती मोजून घेत होते. ते म्हणाले, "वैनी, आमच्या पेठंत कानडी बाया हायत न्हवं? त्यांची पोरं अम्मा म्हनत्यात. त्यात व्हट मिटत्यात की."

तसं मी तिच्यासमोर बसून अम्मा झाले. सासूबाईंनी नाक मुरडलं. कोरेगावला माहेरी गेले की सगळे खो खो हसायचे, हिला कुठल्या कानड्याच्या घरी दिलीय म्हणून विचारायचे. मी हसू दिलं. घरात मला अम्मा म्हणणारी एकटी तीच, नंतरच्या भावंडांनी मला आईच म्हटलं. घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून तिची ती जाडीभरडी हाक आली की मी हातातलं टाकून मोठ्यानं 'ओ' द्यायची. तिला ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी एकदाही 'ओ' दिल्याशिवाय मी तिच्याकडे गेले नाही.