माझ्या नावानं रेट पडतो

"गिऱ्हाईक कोण हाय?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, मी.

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी हसत नाही हे दिसलं तेव्हा चहाचा कप खाली ठेवला आणि दाराकडं पाहिलं. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. तरी आवाज खाली आणला.

"कोपऱ्यावरचं गेलं बाई. कालच बोलणं झालं."

मी म्हटलं, भाऊ, ते घर आत्ता मीच उघडून आले. खिडक्या उघड्याच आहेत. किल्ली माझ्याकडं आहे.

ते चिडले नाहीत. ओशाळलेही नाहीत. लहान पोरीला समजावतात तसे बोलले.

"हे पाय, मी काही मानत नाही. तुह्या हातचा चहा पेतो का नाही? पण मले बाकीचे घरं विकायचे हायेत. एकदा का लोकायले समजलं का इथं कोण राह्यते, रेट पडते. तुह्यावर राग नाही माहा. मार्केटच तसं हाय."

मी उभीच होते. मग ते म्हणाले, "तुले विहाराच्या मागं मस्त प्लॉट काढून देतो. तुह्याकून कमिशन घेतलं तं सांग."

हे सगळं त्यांनी मायेनं सांगितलं. शिवी दिली असती तर माझ्याकडं उत्तर होतं. कॉलेजात आम्ही पत्रकं काढायचो, चौकात उभं राहून वाटायचो, शिवीला काय म्हणायचं ते आम्हाला पाठ होतं. मायेला काय म्हणायचं ते कोणत्याच पत्रकात नव्हतं. मी "हो भाऊ" म्हटलं आणि त्यांचा कप विसळायला घेतला.

भिंतीला ओल आली की रेट पडतो. बोअरला खारं पाणी लागलं की पडतो. बाजूला मसणवटा असला की पडतो. आणि मी राहायला आले की पडतो. त्या ओळीत माझा नंबर त्या दिवशी मला कळला.

भाऊ लोणारात घरं आणि प्लॉट विकून देतात. मेहकर रोडच्या अंगाला एका बिल्डरनं रो-हाऊस बांधले, ते विकायचं काम भाऊंकडं होतं. त्यांनी मला ठेवलं कारण घर बघायला बायका येतात, आणि बायकांना ओटा, मोरी, संडास दाखवायला बाई लागते. पुरुष गच्चीवर जाऊन सरोवराकडची झाडं बघतात. घर घ्यायचं की नाही ते खाली ओट्यापाशी ठरतं.

आमचं आडनाव असं आहे की ते सगळ्यांत असतं. मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, आमच्यातही आहे. भाऊंना माहीत होतं आम्ही कोण. गिऱ्हाइकाला माहीत नसायचं. भाऊंना तेच बरं पडायचं आणि मी त्याचा फार विचार केला नाही. पगार वेळेवर होता.

रिकाम्या घराला वास लागतो. बंद ठेवलं की सिमेंटचा, न वापरलेल्या नाळीचा, मेलेल्या पालीचा. म्हणून रोज सकाळी मी एकेक घर उघडायचे. खिडक्या उघडून वारा खेळू द्यायचा. नळ सोडून गंजाचं पाणी जाऊ द्यायचं. संडासात पाणी टाकायचं. फरशी पुसायची. गिऱ्हाईक येणार असलं तर दारात रांगोळी, आत उदबत्ती. मग आलेली बाई म्हणायची, किती प्रसन्न वाटतं हो इथं. भाऊ म्हणायचे, वास्तूच तशी हाय काकू.

दुपारी मी डबा खायचे. ऑफिसात नाही. ऑफिसात भाऊंचे दोस्त येऊन बसायचे, पत्ते चालायचे. मी कोपऱ्यावरच्या घरात जायचे, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे. बाहेर ऊन. आत मी. चपाती तोडली तरी आवाज घुमायचा. कधी कधी मी मोठ्यानं बोलायचे. माय, तुझा पलंग इथं टाकू. बुद्धाची मूर्ती इथं, दारातून आत आलं की दिसली पाहिजे. खोली माझंच बोलणं मला परत द्यायची. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोलायचं.

मायसाठी घर पाहिजे होतं. आम्ही दोघी भाड्याच्या खोलीत राहतो. संडास अंगणापलीकडं, चार घरांत मिळून एक, खाली बसायचा. मायचे गुडघे गेलेत. सकाळी ती भिंत धरून जाते आणि दार आतून लावत नाही, कारण उठता आलं नाही तर मला हाक मारावी लागते. दार लोटलेलं, बाहेर माणसं उभी. मी दाराला पाठ लावून उभी राहते. हे असं रोज. कोपऱ्यावरच्या घरात कमोड आहे, बाजूला धरायला दांडी बसवता येईल एवढी जागा आहे. दाराला आतून कडी आहे. मला एवढंच पाहिजे होतं. मायला आतून कडी लावता यावी.

पैशाची सोय होती. वडील एसटीत मेकॅनिक होते, ते गेल्यावर मिळालेल्या फंडाला मायनं हात लावला नव्हता. उरलेलं कर्ज द्यायला बँक तयार होती. बँकेनं माझं सगळं तपासलं. मामाचं आडनाव नाही विचारलं.

त्या संध्याकाळी मी मायला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, बरं झालं.

मी विचारलं, काऊन?

"तिथं तू दिवसभर कामावर. मी त्या लोकायत एकटी. रातच्याला मेली तं खांद्याले कोण येईन? इथं हाक मारली तं माणूस येते."

मी म्हटलं, माय, इथं हाक मारली तर संडासाच्या दारात येतं माणूस.

ती लसणाची सालं गोळा करायला लागली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. माझ्या बाजूनं असायला पाहिजे होतं ते एकच माणूस होतं, आणि तेही भाऊंचंच म्हणणं दुसऱ्या तोंडानं सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. काऊन गेले ते विचारू नका. महिना भरायचा होता.

जळगाव जामोदहून एक जोडपं आलं. सर बदली होऊन आले होते. काकू बोलक्या, हसऱ्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, पोरगी चटपटीत आहे हो तुमची. भाऊंनी नेमकं कोपऱ्यावरचं घर उघडायला सांगितलं. जे काल गेलं होतं ते.

मी उघडलं.

सर गच्चीवर गेले. काकूंनी ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडला, बंद केला. मग विचारलं, शेजारी कोण कोण आहेत. भाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "सगळी आपलीच मंडळी काकू. निवडून घेतो आपण."

काकूंना बरं वाटलं. त्या माझ्याकडं वळल्या. आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले. ज्यांचं आडनाव सगळ्यांत असतं त्यांना ते डोळे माहीत आहेत. पुढचा प्रश्न काय येणार तेही माहीत आहे.

"अगं बाई, हो का. मग मामाचं आडनाव काय तुझ्या?"

आमच्याकडं जात कोणी विचारत नाही. ते अडाणीपणाचं वाटतं. मामा विचारतात. बापाच्या नावात माणूस लपला तर आईच्या माहेरातून ओढून काढतात. हसत हसत, नळाखाली हात धुता धुता.

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "आपल्यातलीच हाय काकू ते. घरचीच समजा."

काल मी यांना नको होते. आज यांनी मला आपल्यातली करून टाकलं, कारण घर विकायचं होतं. काल रेट पडत होता म्हणून मी परकी होते, आज पडू नये म्हणून मी आपल्यातली. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही.

मी मामाचं आडनाव सांगितलं. पूर्ण. गावासकट.

मग मीच म्हणाले, "काकू, आम्ही बौद्ध. हे घर मी मागितलं होतं, काल. भाऊ म्हणाले विकलं गेलं. आज तुम्हाला दाखवून राह्यले. का, ते त्यांना विचारा."

घर रिकामं होतं ना. प्रत्येक शब्द घुमला. गच्चीवरून सर खाली आले, जिन्यातच थांबले.

काकूंनी ओट्यावरचा हात उचलला. फार हळू. मला दिसू नये म्हणून हळू. सर म्हणाले, आम्हाला तसलं काही नाही हो, आमचे कितीतरी मित्र जयभीमवाले आहेत. नंतर घड्याळाकडं बघितलं. नंतर म्हणाले, बघून कळवतो.

गाडी गेली. भाऊ ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. हात पुढं केला. मी किल्ल्या दिल्या.

"तुले घरच्यासारखं ठेवलं होतं," ते म्हणाले. "जाय आता."

गेले.

तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले, जमादारांनी बसायला खुर्ची दिली. विचारलं, शिवी देल्ली काय? नाही. अंगाले हात लावला? नाही. जातीचं नाव घेतलं? नाही. उलट म्हणाले, मी मानत नाही. जमादारांनी पेन खाली ठेवलं. "मंग केलं काय त्यानं, बाई?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मी सांगितलं, घर रिकामं असून मला दिलं नाही. ते म्हणाले, त्याचं घर, त्याची मर्जी. साक्षीदार कोण हाय? मी म्हटलं, जे बघायला आले होते ते. येतीन का ते? त्यांनी अर्ज ठेवून जायला सांगितलं.

कॉलेजातल्या आमच्या संघटनेच्या दादांकडं गेले. ज्यांच्या पत्रकाचा मजकूर मी लिहायचे, तेच दादा. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. मग म्हणाले, हा तुझा खाजगी घराचा प्रश्न आहे, समाजाचा नाही. समाजाला रो-हाऊस परवडतं का? आणि भाऊ जयंतीला दरवर्षी मोठी वर्गणी देतात, हेही ते म्हणाले. हे मात्र माझ्याकडं न बघता.

बातमी फिरली तसं मला कळलं की सुलतानपूरच्या एका चाचांनाही भाऊंनी फोनवर "गेलं" सांगितलं होतं. ते कपडे शिवतात, पोराच्या शाळेसाठी लोणारात घर बघत होते. नाव ऐकलं आणि घर गेलं. मी एसटीनं गेले. चाचांनी मशीन थांबवली, पाणी दिलं. माझं सगळं ऐकलं. मी म्हटलं, तुम्ही फक्त सही करा, आपण दोघं झालो तर अर्जाची दखल घेतील.

त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. "बेटी, मेरा नाम मत लिख. तू बोली तो लोग बोलेंगे पोरगी चिडली. मैं बोला तो कुछ और बोलेंगे."

ते खरं बोलले. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. सुलतानपूरच्या स्टॉपवर उभी राहिले. गाडी लवकर आली नाही. रस्त्याच्या पलीकडं एक नवा बोर्ड लागला होता, कोणत्या तरी लेआऊटचा. हसणारे आईबाप, दोन पोरं, मागं बंगला. "आपल्या माणसांत, आपलं घर." मी तो बोर्ड परत परत वाचला. वाचायला दुसरं काही नव्हतं.

एकटं असणं म्हणजे काय ते मला तिथं नीट समजलं. आजूबाजूला माणसं भरपूर होती, आणि ज्याला त्याला माझं खरं वाटत होतं. माय म्हणत नव्हती की मी खोटी. दादा म्हणत नव्हते. चाचा तर नाहीच. भाऊसुद्धा नाही. सगळ्यांना मान्य होतं की असंच चालतं. म्हणूनच कोणी यायला तयार नव्हतं.

मला पुष्कळजण सांगतात, दुसरं घर बघ. अकोल्याला बघ, संभाजीनगरला बघ, तिथं कोणी विचारत नाही. तिथंही विचारतात. जरा सफाईनं विचारतात, एवढंच. आणि माझ्या मायचे गुडघे इथं आहेत.

विहाराच्या मागचा प्लॉट चांगला असेल. माझी माणसं आहेत तिथं, मला त्यांची लाज नाही. पण तिथं मी माझ्या पायानं जाईन, कोणी हाकललं म्हणून जाणार नाही. आधी मेहकर रोडच्या त्या लेआऊटमधल्या रिकाम्या घरासाठी मला "नाही" का, ते सांगा. तोंडावर, लोकांसमोर, प्रेमाची मलई न लावता. मर्जी असेल तर मर्जी म्हणा. जात असेल तर जात म्हणा. मार्केट म्हणू नका. मार्केट म्हणजे कोण? मी त्या मार्केटात रोज झाडू मारलाय. तिथं मला भाऊ दिसले, काकू दिसल्या, सर दिसले. मार्केट नावाचा माणूस कधी घर बघायला आला नाही.

अर्ज दिलाय. वरच्या ऑफिसलाही दिलाय. कायद्यात हे बसतं की नाही ते कोर्टाला ठरवू दे, जमादारांच्या टेबलावर ते ठरणार नाही. घराचा माझा मागणीअर्जसुद्धा बिल्डरच्या नावानं पोस्टानं गेलाय, द्यायचं नसेल तर त्याला "नाही" असं लिहून द्यावं लागेल.

आणि रविवारी गिऱ्हाइकं येतात. या रविवारपासून मी लेआऊटच्या गेटबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभी राहणार आहे. हेच लिहिलेलं पत्रक हातात. खाली माझं नाव, आडनाव, मामाचं आडनाव. गाडीची काच खाली झाली तर देईन. नाही झाली तर पुढची गाडी येईल. पोलिसांनी उठवलं तर परत येईन. मायला सांगितलंय. ती अजून घाबरलेली आहे. घाबरू दे. मीही घाबरलेली आहे.

कोणाला सोबत उभं राहायचं असेल त्यानं यावं. माझी समजूत काढायला कोणी येऊ नये.