चाळीस बाटल्यांना नेवता

जागेश्वर बपेरा गावचा, आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. सरळ माणूस, पण वेडगळ नव्हे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक त्यालाच हसतात आणि माझं डोकं फिरतं.

त्याची आई रुखमा बाळंतिणींना डोंगरावरची सफेद मुसळी द्यायची. व्यापाऱ्यांच्या माणसांनी दोन वर्षांत डोंगर खणून काढला. एकच रोप उरलं, तेही रुखमाच्या परसात. १९८४ साली जागेश्वरनं ते कुंडीसकट माझ्या टेबलावर ठेवलं.

"सर, तुमी बाटलीत रोपं वाढवता ना, हे वाढवा. मायले मुसळी परत डोंगरावर लावाची हाये."

रोपाचे कोंब कापून आम्ही बाटल्यांतल्या खुराकावर लावले. दोनदा सगळे सडले. मूळ रोपही गेलं, शेवटचा एक कोंब तेवढा जगला. त्याच्यापासूनच पुढची सगळी रोपं. बाटल्या उकळणं, कापसाचे बोळे वळणं जागेश्वरकडे. "लावलेल्या बाटलीचा बोळा काढलास तर याद राख," असं मी त्याला शंभरदा दरडावलं असेल. का, ते एकदाही सांगितलं नाही.

८६च्या जुलैत चाळीस बाटल्यांत चाळीस रोपं तयार झाली. बपेऱ्याला रुखमानं माती भरून चाळीस कुंड्या मांडल्या होत्या. तिथे रुळली की रोपं डोंगरावर जायची होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जागेश्वरनं आईनं शिकवलं तेच केलं. जडी काढायच्या आदल्या दिवशी तिला हळदीचे तांदूळ वाहून नेवता द्यायचा, 'उद्या चल' म्हणायचं. न विचारता नेलेली जडी गुण देत नाही. उद्या बाटल्या उघडायच्याच, म्हणून त्यानं एकेक बोळा काढला, दोन दाणे टाकले, बोळा पुन्हा लावला. एकही रोप रुसायला नको, म्हणून चाळीसही बाटल्यांत टाकले.

सकाळी नदीला पूर. रस्ता सहा दिवस बंद राहिला. सातव्या दिवशी प्रत्येक बाटलीत बुरशी होती आणि रोपं काळी पडून आडवी झाली होती.

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" मी ओरडलो.

"सर, न इचारता कसं न्याचं?" तो एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. उघड्या बाटलीत बुरशी शिरते, एवढं एक वाक्य मी दोन वर्षांत कधीतरी बोललो असतो तर! त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

बपेऱ्याला त्याच्यासोबत मीही गेलो. रुखमा कुंड्यांपाशीच बसली होती. तिनं आमचे रिकामे हात पाहिले.

"माय, मुसळी नाही आली," जागेश्वर म्हणाला.

"नेवता देल्ला होता का?"

"देल्ला होता माय. चाळीसही जनीले."

"मंग कायले रडून राहिला गा? नेवता देल्ला त येईलच ते."

खरं सांगायची छाती ना त्याची झाली, ना माझी. पुढे चार वर्षं, मरेपर्यंत, रुखमा त्या कुंड्यांना रोज पाणी घालत होती.