काशिरामचं चौदा दिवसांचं काळीज

नवीन पनवेलच्या एका खासगी प्रयोगशाळेत दमयंती घरत सहा वर्षं माणसाच्या यकृताच्या पेशी सांभाळत होती. आता, नुसतं जगवणं ही काही मर्दुमकी नव्हे. पेशी जगतात हो! पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपलं काम विसरतात. साखर सांभाळणं नाही, प्रथिनं बनवणं नाही. सरकारी कचेरीतल्या बाबूसारख्या नुसत्या बसून राहतात.

तिथल्या गुरुदत्त सरांना मधुमेहात यकृत नेमकं कुठे चुकतं ते शोधायचं होतं. त्यासाठी चौदा दिवस काम करणाऱ्या पेशी हव्या होत्या. दमयंतीची मजल आठव्या दिवसापुढे कधी गेली नाही. हात मात्र तिचा भारी हलका. रोज ताटली तिरकी धरून पोषक पाणी कडेकडेने सोडायची, पेशींवर थेंब म्हणून पडू द्यायची नाही. पीएचडीवाल्या पोरी हे तिच्याकडूनच शिकत आणि तिलाच 'मावशी' म्हणत. याचा तिला मनस्वी राग.

२०१३च्या थंडीत तिचा थोरला भाऊ काशिराम इस्पितळात दाखल झाला. उरणकडच्या मिठागरात जन्म काढलेला माणूस. यकृतात गाठ निघाली. गाठीसोबत भोवतालचा चांगला तुकडाही कापावा लागणार होता. रुग्णाने सही दिली तर असा तुकडा प्रयोगशाळेला मिळे. कागद घेऊन बहीणच पुढे झाली.

"दादा, नायतरी फेकूनच देतान. सही कर."

"घे गो बाय," काशिराम हसला. यकृताला तो काळीजच म्हणे. "मी नाय गेलो, माजा काळीज तरी शाळेन जाऊ दे."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. बर्फातली बाटली दमयंतीने स्वतः आणली, पेशी सुट्या केल्या, त्यांना खालून-वरून जेलचं पांघरूण घातलं. मंगळवारी काशिराम गेला.

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं. तेवढे दिवस सरांनी पाणी बदललं. चौथ्या दिवशी ही कामावर हजर. गावाने नावं ठेवली. ठेवू देत! दादाच्या पेशी ती कुणाच्या हाती सोपवणार होती? आणि नवल असं की त्या काम करत होत्या. आठवा दिवस गेला, दहावा गेला, बारावाही गेला. चौदाव्या दिवसाची मोजणी साधली की सहा वर्षांची मेहनत फळाला येणार होती.

त्याच्या आदल्या दिवशी काशिरामचं दहावं आलं.

खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा फांदीवर बसून राहिला, खाली उतरेना. "पोराचा लगीन करू," चुलत्याने शब्द दिला. "मिठागर इकनार नाय," पोराने दिला. कावळा ढिम्म. तास गेला. तेव्हा काशिरामची बायको, चंद्रावती, दमयंतीकडे वळली.

"तो कसा येल? त्याचा काळीज तुजे डब्यान जिता हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. तिने हात जोडले. "दादा, आजच सोडतय तुला."

आणि कावळा उतरला, पिंडाला शिवला! त्याला भूक लागली असेल म्हणा. पण शब्द तर दिला गेला होता.

दुपारी प्रयोगशाळेत तिने पेशी मारायची ब्लीचची बाटली काढली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी एकमेकींना बिलगून होत्या, कडा स्वच्छ, अगदी नव्या. "एकच दिवस, दादा," ती पुटपुटली, आणि ब्लीचऐवजी पाणी बदललं. स्वतःची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आकडे जमले. सरांचे डोळे भरून आले. "दमयंतीताई, आता टाकून द्या सगळं," ते म्हणाले. तिने अकरा ताटल्या टाकल्या. बारावी पेशींच्या उबदार पेटीत मागे सरकवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. भावाला मारायला हात उचलत नव्हता, एवढंच खरं.

रविवारी तेरावं. चंद्रावतीने गोडाचं पहिलं पान दमयंतीला वाढलं आणि जवळ बसली. "बाय, तू शबुद पाळलास म्हनून त्याला वाट गावली. तीन रात झोपलय मी."

दमयंतीने हातातला घास परत पानात ठेवला.

"वयनी, मी खोटा बोललय. तो अजून हाय."

आता थोबाडीत बसणार असं तिला वाटलं. चंद्रावतीने पदराला हात पुसले. "चल. दाखव."

सुट्टीची प्रयोगशाळा ओस होती. ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दमयंती बाजूला झाली. चंद्रावतीने बराच वेळ डोळा लावून ठेवला.

"काम करतान?"

"करतान. आजपन."

"घरान कवा केला नाय येवढा," ती म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही. मग म्हणाली, "ओत."

दमयंतीने बाटली उघडली. "वयनी, तू बाजूला हो. नको बगू."

"नाय. हास्पिटलान मना भायेर बसवलेला. तो गेल्याव सांगाला आले. आता बगू दे."

दमयंतीने ओतलं. शेवटची पेशी विरघळेपर्यंत चंद्रावतीने डोळा काढला नाही.