आधी चार आकडे

मधुकरराव ढोबळे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझे डोके एका टॅक्सीच्या बॉनेटखाली होते आणि ते मागे उभे राहून माझी बढाई ऐकत होते. दुर्गजवळच्या खुर्सीपारला टिनाच्या शेडमध्ये गॅरेज टाकून मला जेमतेम तीन महिने झाले होते. शिक्षण सातवी, भांडवल म्हणाल तर हे दोन कान. इंजिन ऐकून दुखणे सांगतो अशी माझी ख्याती होऊ लागली होती. ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा होता.

टॅक्सी साहूजींची. जामुल ते दुर्ग सवाऱ्या नेत. सगळे घर त्या एका गाडीवर चाले. गाडी झटके खात होती, चढावर दम सोडत होती. मी ऑइलचे झाकण काढले, कान लावला, आतली फसफस ऐकली आणि शेजारच्या पानठेल्यावरच्या मंडळींसमोर सांगून टाकले, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल." म्हणजे महिनाभर गाडी उभी. साहूजी मटकन जुन्या टायरवर बसले.

मागून आवाज आला, "काऊन गा, दाब मोजला का?"

"काकाजी, माझा कान चुकत नाही."

"कान चांगलाच आहे तुझा. पण चार सिलिंडर एकदमच बोलून राहिले, तर त्यातला कोणता रडते हे कानाले कसं समजन?"

हे ढोबळे साहेब. ते तेव्हा पोलाद कारखान्याच्या वाहनदुरुस्ती विभागात फोरमन होते. मरोद्याहून सायकलने बाजाराला निघाले होते. हँडलच्या पिशवीतून त्यांनी काकूंनी विणलेली लोकरीची थैली काढली. आत दाब मोजायचे गेज. त्यांनी चारही प्लग काढायला लावले. एकेका भोकात गेज दाबून धरायचे, साहूजींनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि मी बॉनेटच्या आतल्या अंगाला खडूने आकडा लिहायचा. एकशे वीस. सत्तर. पासष्ट. एकशे बावीस. मग मधल्या दोन सिलिंडरांत चमचा चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून दाब वाढला असता. आकडे जागचे हलले नाहीत.

"शेजारचे दोघंच कमजोर. आता सांग."

"हेड गास्केट. दोघांच्या मधे जळली." म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचा पातळ पत्रा, इंजिन न उतरवता बदलता येणारा. आतली फसफस जुन्या इंजिनात थोडीफार असतेच, हेही मला त्या दिवशी कळले.

"मग मले काय सांगतो? ज्याले महिनाभर घरी बसवून राहिला होता, त्याले सांग."

पानठेल्यावरची मंडळी कान टवकारून होती. नव्या मिस्त्रीचे नाव एका दुपारी बुडते, हे मी जाणून होतो. साहेबांनी स्वतः सांगितले असते तर मी सुटलो असतो. त्यांनी सोडले नाही. मी म्हणालो, "साहूजी, गलती मेरी. इंजिन नहीं उतरेगा. परसों गाड़ी ले जाना."

साहूजी उठले. "कान तो तोर बने हे मिस्त्री, मुंहू थोरिक जल्दी चलथे!"

कान चांगला, पण तोंड जरा घाईचे, या शेऱ्यावर सगळे हसले, साहेब सर्वांत जास्त. तिसऱ्या दिवशी टॅक्सी दुर्गच्या रस्त्याला लागली आणि पुढे साहूजींनीच मला दहा गिऱ्हाइके आणून दिली.

विभागातही साहेबांचा हाच शिरस्ता. आधी चार आकडे, मग पाना. एकदा एक बडे अधिकारी जीप घेऊन आले आणि "आधी खोला, मग बघू" म्हणाले. साहेबांनी नम्रपणे त्यांच्याच हाती खडू दिला. अधिकाऱ्यांनी निमूटपणे आकडे लिहिले.

त्या दिवशी गेज माझ्याकडेच ठेवून ते म्हणाले होते, "रविवारी नेतो." रविवार येत, साहेब येत, चहा होई, गेज राही. पुढे मी स्वतःचे घेतले तेव्हा त्यांचे परत केले. त्यांनी एकाच इंजिनावर दोन्ही लावून पाहिली आणि मगच माझ्या गेजला पास केले. माझ्या शेडमध्ये तयार झालेले सहा मिस्त्री आज स्वतंत्र आहेत. सहाही खडू वापरतात, याचा मला माझ्या कानांपेक्षा जास्त अभिमान आहे.

साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात माझी चूक लिहू का, असे मी साहेबांना विचारले. म्हणाले, "लिहून टाक. पण आकडे बरोबर लिहिजो." वर लिहिले आहेत, त्यांनी तपासून घ्यावेत.

साहेब आता पंचाहत्तर वर्षांचे आहेत. डॉक्टरांकडूनही रक्तदाब दोनदा मोजून घेतात. त्यांना निरोगी शंभरी लाभो आणि रविवारी त्यांची सायकल माझ्या शेडपाशी थांबत राहो. माझा कान आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. तोंड मात्र अजून जल्दीच चालते.