भाव करताना हसले म्हणून

बोईसर स्टेशनबाहेर, भरदुपारी, त्याने माझ्या कानशिलात मारली. मी सतरा वर्षांची होते. डोक्यावर भाजीची टोपली. दोन्ही हात टोपलीला, म्हणून गालावर नेता आले नाहीत.

कारण एवढंच. रिक्षावाले चाचा टोपलीचं वेगळं भाडं मागत होते. मी म्हणाले, "टोपली को सीट देगा क्या, चाचा? तो मैं टोपली में बैठती." चाचा खो खो हसले. मीही हसले. त्यांनी टोपलीचं भाडं सोडलं. तो मागे मोटरसायकलवर बसून बघत होता.

"बाजारात दात दाखवत फिरतेस? लाज नाय वाटत?"

चाचा खाली उतरले. "बच्ची को क्यूं मारा?"

मीच त्यांना म्हणाले, "हमारा आपस का है."

तो किनाऱ्याकडचा. वडिलांची चिकूची वाडी, बंगला. मी डोंगराकडची. आमचं शेत पावसावर, बाकीचं वर्ष आईच्या भाजीवर. पालघरच्या कॉलेजात तो माझ्या बाकावर येऊन बसला, याचंच मला अप्रूप. आईला गिऱ्हाईकाशी बोलता येत नसे. कुणी अर्ध्या भावात मागितलं की द्यायची. म्हणून दहा वर्षांची असल्यापासून भाव मी करायचे. जुडीतली एक काडी कुणाला फुकट सोडली नाही. आणि त्याच्यापुढे? प्रेमात भाव करायचा नसतो, अशी माझी समजूत. मागेल ते द्यायचं. आधी फोनचा पासवर्ड दिला. मग मैत्रिणी सोडल्या. मग बाजार.

त्याच संध्याकाळी तो रडत आला. भिंतीवर मूठ आपटून बोटं सोललेली. "तू दुसऱ्याशी हसलीस की माझा जीव जातो." मी त्याच्या बोटांना हळद लावली. माझा गाल तसाच सुजलेला.

उरलेली एकच मैत्रीण म्हणाली, "केवढा जीव आहे गं त्याचा! माझा तर बघतसुद्धा नाय."

मला अभिमान वाटला. हे लिहिताना अजून तोंड कडू होतं. अभिमान वाटला.

आई एकटी बाजारात बसू लागली. लवकर घरी यायची, टोपली रिकामी. कशी रिकामी झाली असेल ते मला कळायचं. तरी मी बाजारात जात नव्हते. एकदा तिला ताप होता, म्हणून मी सोबत बसले. तो आला.

"कुणाला विचारून बसलीस?"

वेणी धरून त्याने मला उठवलं. माठाच्या जुड्या त्याच्या बुटाखाली. आई उठली. वाटलं, त्याचा हात धरेल. तिने हात जोडले.

"शेट, चुकली पोर. परत नाय बसणार." मग मला, हळूच, "मोठ्या घरचा हाय, बाय. सांभाळून घे."

आईने माझाही भाव केला. मागेल त्याला, मागेल तेवढ्यात. तिचा राग धरू कसा? असल्या घरांपुढे हात जोडण्यापलीकडे तिला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

मी त्याचं मनगट धरलं. "वेणी सोड."

"नाय सोडली तर?"

"तर ओरडेन. इथे बसणाऱ्या सगळ्या बाया मला ओळखतात. तुला कुणी ओळखत नाय."

शेजारची वाल विकणारी म्हातारी उठून उभी राहिली. मग तिच्यापलीकडची. त्याने वेणी सोडली. "भिकारडी! माणसात मी आणलं तुला," म्हणाला आणि गेला.

सुटले, असं नाही वाटलं. कित्येक महिने मी त्याच्यासाठी रडले. आई म्हणायची, "चांगलं घर घालवलंस." मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. तेवढं एक दुखणं माझ्याकडेच राहिलं.

आज माझा भाजीचा घाऊक धंदा आहे. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला. "तेव्हा आपण लहान होतो, विसरून जा." लहान मीही होते. मी कुणाला मारलं नाही. उत्तर दिलं नाही, देणारही नाही.

माझ्याकडे सरावली गावातली एक पोरगी कामाला आहे. भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून आली. बाही मी वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं.

"रागात हात उठतो त्याचा, ताई. मनाने चांगला हाय."

तिला मी पोलीस चौकीत घेऊन आले आहे. बाकावर बसून ती रडते आहे, मधेच म्हणते, "जाऊ द्या ना ताई, घरी जाऊ." कुणी "आपसात मिटवा" म्हणो, तिच्या घरचे येवोत, तो येवो. तिची तक्रार लिहून घेईपर्यंत मी इथून उठणार नाही.