लाल उष्टी हळद

नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावतात. माझ्यासाठी आली ती चक्क लाल. आता सांगताना मी पोट धरून हसते, पण तेव्हा कुंडलच्या आमच्या मांडवात कुणाला हसू सुचलं नव्हतं.

आमचे हे सांगलीला कापडाच्या गिरणीत होते. लढाईचे दिवस, लष्कराचं खाकी कापड निघायचं, रजा मागायची सोय नव्हती. रंगवायच्या आधी कापड सोड्याच्या पाण्यात उकळायचं आणि उघड्या हातांनी ओढून काढायचं, हे यांचं काम. स्वारी पाळी संपवून तशीच लग्नाला आली, हात धोतराला पुसून. हळद लावताना गप्प बसतील तर शपथ! दोस्ताला माखायला म्हणून हळदीच्या वाटीतच हात घातला. हळद लाल झाली तर त्यांच्याकडच्या बायका म्हणाल्या, शकुन आहे, आणि तीच वाटी आमच्याकडं पाठवली.

वाटी आणणाऱ्या नणंदेनं वर सांगून टाकलं, की दादाच्या हातांची सालटी निघाल्यात. झालं! माझे मामा उठले. महारोग असणार, म्हणाले, लग्न मोडा. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मला हाच नवरा हवा होता. बघायला आले तेव्हा माझ्याकडं बघता बघता यांना चहाचा असा ठसका लागला होता, की महिनाभर मी चुलीपुढं एकटीच हसत होते.

माझी आत्या पान खायची. तिनं चंचीतला चुना घेऊन आमच्या पिवळ्या हळदीत कालवला. हळद लालभडक.

"आवं, कुंकू असंच करत्यात की," ती मामांना म्हणाली. "गिरणीतला सोडा बी तसलाच, त्योच हाताला ऱ्हायला आसंल. जावा, हात बघून या."

मामा जानवसघरी जाऊन आले ते पडल्या चेहऱ्यानं.

"रोग न्हाई," ते म्हणाले. "पर पोरी, हात जपून धर. लय भाजल्यात."

मी तर मनात उड्या मारत बोहल्यावर चढले. भटजींनी हात धरायला सांगितलं तेव्हा खाली बघितलं. तळवा सोलवटलेला, भेगांतून पाणी येत होतं. धरायचं तरी कुठं? करंगळी तेवढी धड होती, तीच धरली. भटजी म्हणाले, नीट धरा. मी मानेनंच नाही म्हटलं. सगळा मांडव खिदळला, हेही हसले, पण डोळे भरले होते यांचे. करंगळी धरूनच मी होमाभोवती फिरले.